सगळ्यात भिकार भाग मला आवडला!

प्रश्न : सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून 'मास इफेक्ट : ॲन्ड्रोमेडा' हा व्हिडिओ गेम घेतला. मालिकेतले आधीचे तीन भाग खेळलेलो नाही. नव्वद तास झाले तरी हा गेम सोडवत नाही. धाकटा भाऊ हसतो, "दादा, अख्ख्या मालिकेतला सगळ्यात भिकार भाग तुला आवडला!" माझी आवड बिघडलीय का? आणि आता आधीचे भाग घ्यावेत का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : मीही आधी तुमच्या भावाच्याच पार्टीत होते. मार्च २०१७ मध्ये गेम आला, त्याच आठवड्यात पूर्ण किंमत मोजून घेतला. पात्रांचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे. त्यात एक अधिकारी बाई म्हणतात, "माझा चेहरा थकलाय," आणि चेहरा मात्र मख्ख! त्या वाक्याची जगभर टर उडाली. पंधरा तासांत मी तो बंद केला. एप्रिलच्या पॅचमध्ये, म्हणजे कंपनीने मागाहून दिलेल्या दुरुस्तीत, डोळे बरेच सुधारले, पण तोवर परीक्षणं येऊन गेली होती. पहिल्या पंगतीला वरण करपलं की गावभर तेच होतं. दुसऱ्या पंगतीचं कोण विचारतो?

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या खोलीत बसून वेळ काढायचा म्हणून पुन्हा सुरू केला. जमिनीखालच्या त्या जुन्या यंत्रांची कुलपं उघडायला चिन्हांची कोडी आहेत ना, ते सुडोकूच. आई पेपरातलं सुडोकू चहाआधी संपवणारी बाई. पलंगावरून हुकूम सुटायचे, "ती वेलांटीसारखी खूण खालच्या ओळीत टाक." चुकलं की यंत्रमानव अंगावर येतात; मी गोळ्या झाडत असताना मागून आवाज, "घाई कुणी केली?"

तेव्हा कुठे मला हा गेम कळला. ६३४ वर्षं झोपून दुसऱ्या दीर्घिकेत पोचायचं, तर ठरवलेले ग्रह राहण्यालायक नाहीत. वडील स्वतःचं हेल्मेट मुलाला देऊन जातात. इऑस नावाच्या ग्रहावर आधीच्या दोन वस्त्या उजाड पडलेल्या, तिथे किरणोत्सर्ग कमी करून तिसरी वसवायची. सहा चाकांची नोमॅड गाडी घेऊन नुसतं डोंगर चढत राहायलाही मजा येते, आणि तिला बंदूक नाही हे मला तर फार आवडलं.

भावाचं सगळंच खोटं नाही, बरं का. खलनायक पुठ्ठ्याचा आहे. निम्मी कामं 'अमुक आणून दे' छापाची. क्वेरियन या परग्रहवासी लोकांच्या जहाजाचं काय झालं, ते गेममध्ये कधीच कळत नाही, कारण ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने या गेमच्या कथेत पुढची भर घालण्याचं काम थांबवलं. हे सगळं मान्य करूनही मी तो दोनदा संपवला. आवड बिघडली असेल तर आपण दोघंही बिघडलो.

आधीचे तिन्ही भाग जरूर घ्या. २०२१ मध्ये ते सुधारून एकत्र निघालेत. कथा कितीतरी सरस, तुमचे निर्णय पुढच्या भागात चालत येतात. पण पाठीवरच्या यंत्राने टुणकन उडी मारायची सवय मोडावी लागेल, तिथे तसलं काही नाही. पहिला भाग मूळचा २००७ चा, गोळीबार जरा आखडलेलाच.

कोडं आपोआप सोडवणारी किल्ली गेममधल्या दुकानात मिळते. भावाला खेळायला बसवलंत तर ती घेऊ देऊ नका. आमच्या घरी आईने घेऊ दिली नव्हती.