हे गाठीने बनवले की आपण?

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा आलेख मिळाला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठींत पीजीई-२ हे प्रोस्टाग्लँडिन शेजारच्या निरोगी भागापेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळले, याचा तुझा आनंद ओळीओळीत दिसतो आणि तो स्वाभाविकही आहे. मात्र हा आकडा चार लोकांसमोर मांडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर तुझ्यापाशी तयार हवे. हे द्रव्य रुग्णाच्या छातीत असतानाच गाठीत होते, की गाठ कापून बाहेर काढल्यावर तयार झाले?

प्रश्न तिरकस वाटेल, म्हणून जरा मुळापासून लिहितो. प्रोस्टाग्लँडिनांना आपण संप्रेरकांसारखी द्रव्ये म्हणतो खरे, पण इन्सुलिन जसे स्वादुपिंडात आधीपासून साठवलेले असते, तसा यांचा साठा कुठल्याही पेशीत नसतो. पेशीपटलाला धक्का बसला की त्यातून ॲराकिडोनिक आम्ल सुटते, कॉक्स हे विकर त्यावर काम करते आणि पाहता पाहता माल तयार होतो. तो आसपासच्याच पेशींवर परिणाम करून लवकरच नाहीसाही होतो. शल्यविशारदाची सुरी हा असाच एक धक्का आहे आणि रक्तपुरवठा तुटणे हा दुसरा. (नावावरही फार विसंबू नकोस. फॉन ऑयलर या शास्त्रज्ञांनी १९३५ च्या सुमारास वीर्यातील या द्रव्याला प्रोस्टेट ग्रंथीवरून नाव दिले. ते मुख्यतः शुक्राशयातून येते हे नंतर उमगले, पण नाव चिकटले ते चिकटलेच.)

मी नवखा होतो तेव्हा एका रुग्णालयातून आमच्याकडे नमुने येत. स्टीलच्या ट्रेमध्ये ओल्या गॉजवर ठेवलेला तुकडा शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या कट्ट्यावर कधी दहा मिनिटे, तर कधी पाऊण तास पडून राही, कारण द्रवरूप नायट्रोजनचा डबा घेऊन जाणारा मीच असे आणि माझा निम्मा वेळ लिफ्टची वाट पाहण्यात जाई. वर्षभराने वेळेच्या नोंदी आणि मोजमापे शेजारी शेजारी मांडली, तेव्हा जे तुकडे जास्त वेळ पडून होते त्यांतच पीजीई-२ जास्त निघाले, मग तो तुकडा गाठीचा असो वा निरोगी भागाचा. मी वर्षभर कर्करोग मोजत नव्हतो, लिफ्ट मोजत होतो.

म्हणून तुकडा सुटल्यापासून गोठेपर्यंतची मिनिटे प्रत्येक नमुन्यापुढे लिही, आणि तो दळताना कॉक्सला रोखणारे इंडोमेथॅसिन द्रावणात आधीपासून घालून ठेव. ऊतीत मुळात किती होते आणि ती किती बनवू शकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसराही मोलाचा आहे, पण त्याचे उत्तर पहिल्याचे म्हणून खपवता येत नाही. रक्तातले पीजीई-२ मोजण्याच्या फंदात पडू नकोस, कारण रक्त काढतानाही ते तयार होते. लघवीतील त्याचा टिकाऊ अवशेष मोजणे बरे. फक्त धूम्रपानानेही तो वाढतो, हे ध्यानात असू दे.

आता तुझ्या तुलनेकडे येतो. फेरेरा आणि व्हेन या संशोधकांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते, की रक्त फुप्फुसातून एकदा वाहून गेले की त्यातील ‘ई’ वर्गाची (पीजीई-२ त्यातलेच) प्रोस्टाग्लँडिने बहुतांशी नाहीशी होतात. निरोगी फुप्फुसात त्यांचा निचरा करणारे १५-पीजीडीएच हे विकर भरपूर असते, तर गाठींमध्ये ते पुष्कळदा घटलेले आढळते. म्हणजे तुझी वाढ जास्त उत्पादनाची असेल, तुंबलेल्या मोरीची असेल किंवा दोन्हींची असेल. कॉक्स-२ (कॉक्स विकराचाच एक प्रकार) बरोबर १५-पीजीडीएच तपासल्याशिवाय ते ठरवता येणार नाही. शिवाय दळलेल्या तुकड्यात कर्कपेशींखेरीज भक्षकपेशी आणि तंतुपेशीही असतात. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी काचपट्टीवर कॉक्स-२ रंगवून पाहिले, तेव्हा ते विशेषतः ॲडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारातील पेशींमध्ये वाढलेले दिसले. तुझ्या नमुन्यांत कर्करोगाचे सगळे प्रकार एकाच रकान्यात कोंबलेले आहेत, ते आधी वेगळे कर.

उपचाराविषयीचा तुझा शेवटचा परिच्छेद मात्र मी खोडला आहे. पीजीई-२ रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींना मवाळ करते आणि नव्या रक्तवाहिन्यांना खतपाणी घालते, तेव्हा कॉक्स-२ रोखले की रोग हटेल, हा तर्क आमच्या पिढीलाही बिनतोड वाटला होता. अमेरिकेतील ३०८०१ क्रमांकाच्या चाचणीत तर ज्यांच्या गाठींत कॉक्स-२ वाढलेले होते असेच रुग्ण निवडून त्यांना केमोथेरपीसोबत कॉक्स-२ रोखणारे सेलेकॉक्सिब हे औषध किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला, तो निराशाजनक होता: सेलेकॉक्सिबने आजार बळावण्याचा काळ लांबला नाही.

गुरुवारी येशील तेव्हा आलेख नको, मूळ नोंदवही आण. ज्या नमुन्यांपुढे वेळ लिहिलेली नाही, ते आपण दोघे बसून बाजूला काढू.

कळावे.