वेलबुट्टीवर पोट भरेल का?

सांगलीच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावीला आहे, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या साइटवरून 18व्या शतकातली फ्रेंच नक्षीकामाची रेखाटनं डाउनलोड करते आणि रात्री उशिरापर्यंत गिरवत बसते. सोबत तिचे चार कागदही पाठवलेत. "या वेलबुट्टीवर पोट भरेल का?" असं ते विचारतात.

नमस्कार. भरेल, पण नुसतं गिरवून नाही. ती रेखाटनं भिंतीवर टांगायला काढलेलीच नव्हती, ती कारागिराच्या हाती द्यायची होती. त्या काळाच्या थोडा आधीचा ज्याँ बेरँ बघा. तो बंदूककारागिराच्या घरात वाढला, बंदुकांवरच्या नक्षीचे नमुने त्यानं छापले, आणि 1674 मध्ये चौदाव्या लुईच्या दरबारी आरेखक झाला. दुसरा आरेखक मेसोनिए, मूळचा इटलीतल्या तुरिनचा, चांदीकामात तयार झालेला. त्याचं 1728 चं चांदीचं शमादान, म्हणजे मेणबत्तीची दाणी, बघा. एकच वस्तू, पण तीन बाजूंनी तीन पानांवर काढलीय. त्याला इतका पीळ आहे की एका बाजूवरून घडवणाऱ्याला काही कळलंच नसतं.

आता तिला एक काम द्या. आरशाच्या चौकटीची डावी बाजू वेगळी आणि उजवी वेगळी, अशी रेखाटनं तिनं शोधावीत. ती चूक नव्हे. एकाच कागदावर गिऱ्हाइकाला दोन पर्याय दाखवायची ती रीत. आपला सराफ दोन झुमके शेजारी शेजारी ठेवतो ना, तसंच. तिनं डावी बाजू जशीच्या तशी उतरवावी आणि उजवी स्वतः रचावी, एकदा चांदीसाठी, एकदा विणलेल्या कापडासाठी. मागावर गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी येते, चांदीत पत्रा ठोकून उठवता येतो. वेल तीच ठेवून चालत नाही, हे तिला पहिल्याच कागदावर कळेल.

नोकरीच्या जाहिरातीत हे काम टेक्स्टाइल किंवा ज्वेलरी डिझाइन म्हणून दिसेल. एनआयडी आणि निफ्ट या डिझाइन आणि फॅशनच्या संस्थांच्या प्रवेश परीक्षा द्या, बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटीही. तिच्या कागदांवरची बारीक रेघ आणि न चुकता जुळलेला रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचा सांधा, पाहून मला टेक्स्टाइल जास्त योग्य वाटतं. म्युझियममधल्या नोकरीचा विचार पदवीनंतर. फ्रेंच मात्र आत्तापासून शिकू दे, त्या जुन्या फ्रेंच रेखाटनांच्या कडेला लिहिलेल्या सूचना तिला स्वतःला वाचता आल्या पाहिजेत.

आणि शाळेतले संकल्पचित्राचे जुने कागद रद्दीत घालू नका. पोर्टफोलिओत तेही लागतील.