पहिला झेडएक्स स्पेक्ट्रम घेणाऱ्यास
१९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आपण मिळवलात, याचा आनंद वाटला. मात्र वीज जोडण्यापूर्वी अडॅप्टर अवश्य तपासावा, कारण या यंत्राच्या ९ व्होल्टच्या पिनेत ऋण टोक मध्यभागी असते, तर आजच्या बहुतेक अडॅप्टरांत धन टोक तेथे असते, आणि नवशिके नेमके इथेच फसतात.

झाकणातल्या कळफलकाला आतल्या सर्किटशी जोडणाऱ्या पातळ पट्ट्या जुन्या होऊन ठिसूळ होतात, म्हणून झाकण झटक्याने उघडू नये.

सुरुवातीला फक्त कॅसेटवरचा प्रोग्रॅम चढवून पाहावा. ‘जे’ दाबताच ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटतो (एकेक अक्षर टंकत बसणे ही दुसरी हमखास चूक); मग सिंबल शिफ्ट या कळीसह ‘पी’ दोनदा (म्हणजे दोन अवतरणचिन्हे) आणि शेवटी एंटर. चित्रातले रंग शेजारी सांडलेले दिसले तरी घाबरू नये, कारण ८ बाय ८ बिंदूंच्या चौकटीत दोनच रंग मावतात. मेमरी वाढवणे तूर्त राहू द्यावे.