१२ मीटरच्या आतच डायव्हिंग करायचं असेल तर नायट्रॉक्सला जास्तीचे पैसे द्यावेत का?

नका देऊ. पहिल्या कोर्सला तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर मालवणला ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स करणार, १२ मीटरच्या खाली जायचा विचार नाही, आणि नायट्रॉक्समध्ये, म्हणजे टाकीत भरायच्या त्या मिश्रणात, साध्या हवेपेक्षा ऑक्सिजन जास्त असल्यामुळे टाकी जास्त वेळ पुरते असं मित्राने सांगितलं. हे शेवटचं वाचलं आणि मी लिहायला बसलो. हीच गोष्ट मी आमच्या गावात विहिरीच्या काठावर, अर्ध्या गावासमोर ऐकली आहे.

मी पवनी तालुक्यातला, जिल्हा भंडारा. घर ढिवराचं, त्यामुळे वैनगंगेत बुडी मारायला कोणी शिकवावं लागलं नाही. सहा हंगाम कोकणात पर्यटकांना पाण्याखाली न्यायचं काम केलं आणि परत येताना १२ लिटरची एक जुनी टाकी न् तिच्यातली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर विकत आणला. तेव्हापासून पंचक्रोशीत कुठे विहिरीत मोटर पडली की मला बोलावणं येतं. माणूस बुडाला तरी येतं, पण ते आज नाही.

त्या साली आश्विनात पाऊस गायब झाला. धान लोंबीवर आलेलं, शेवटचं एक पाणी हवं होतं, आणि नेमकी शेजाऱ्याची पाच हॉर्सपॉवरची सबमर्सिबल दोर तुटून विहिरीत गेली. पाणी ४० फूट. आकडा टाकून झाला, लागेना. माझ्या टाकीत तेव्हा हवेचा दाब ४० बारच उरलेला, भरलेली असली की २०० असतो, आणि हवा भरून मिळायची ती नागपूरला. मी म्हटलं, उद्या भरून आणतो, परवा सकाळी उतरतो.

माझ्या चुलतभावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, मी त्याला भाऊच म्हणतो. तासाभरात तो गॅस कटिंगची काळी ऑक्सिजनची टाकी छोट्या टेम्पोत घालून विहिरीवर हजर. हातात लेथवर वळवून घेतलेला पितळेचा तुकडा. एका अंगाला त्याच्या टाकीचे आटे, दुसऱ्या अंगाला माझ्या. आटे सहज बसावेत म्हणून त्यावर ग्रीस लावलेलं. लावताना उमटलेला बोटाचा ठसासुद्धा त्यात दिसत होता.

"तुह्या टाकीत नुसती हवाच रायते ना बे? हा तं निव्वळ ऑक्सिजन हाय. पाचपट पुरंन."

मी म्हटलं, "भाऊ, हे मी तोंडाला लावणार नाही."

"काहून?"

त्या 'काहून'चं धड उत्तर मला तिथे देता आलं नाही. आज देतो. तुमचं उत्तरही त्यातच आहे.

पाण्याबाहेर हवेचा दाब एक वातावरण असतोच, पाण्यात दर १० मीटरला आणखी एक वाढतो. ४० फूट म्हणजे १२ मीटर, तिथे दाब २.२. निव्वळ ऑक्सिजन घेतला तर ऑक्सिजनचाच दाब २.२ होतो. हौशी डायव्हरसाठी मर्यादा १.४ धरतात, फार तर १.६, आणि निव्वळ ऑक्सिजन ती १.६ सहा मीटरवरच गाठतो. त्याच्या खाली फिटसारखे झटके येऊ शकतात, बऱ्याचदा काही चाहूल न देता. जमिनीवर झटका आला तर माणूस पडतो आणि उठतो. पाण्याखाली तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो. ग्रीसचं तर विचारूच नका. जास्त दाबाचा ऑक्सिजन तेलाला, ग्रीसला लागला की व्हॉल्व्ह उघडतानाच पेट घेऊ शकतो. भाऊला हे माझ्याआधी ठाऊक असायला हवं होतं, त्याचा तो रोजचा धंदा आहे.

आता 'पाचपट पुरंन'. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी. टाकीत ऑक्सिजन २१ टक्के असो की ३२, तुमचे श्वास तेवढेच. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली की २४०० लिटर. ५० बार राखून ठेवायचे, म्हणजे वापरायला १८०० उरले. वर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर १२ मीटरवर दाबामुळे २.२ पट, म्हणजे ४४ लागतात. झाली चाळीस मिनिटं. नवखा माणूस घाबऱ्याघाबऱ्या श्वास घेतो, त्याची तीसच होतात. नायट्रॉक्स भरला म्हणून यात एक मिनिट वाढत नाही.

नायट्रॉक्सने कमी होतो तो खाली असताना अंगात मुरणारा नायट्रोजन, म्हणजे तो बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबे न घेता जितका वेळ खाली राहता येतं तो वेळ वाढतो. पण पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात १२ मीटरला साध्या हवेवरच १४७ मिनिटं दिलेली आहेत. टाकी चाळीस मिनिटांत संपते, मग १४७ ची मर्यादा वाढवून काय करणार?

फरक खोल जाताना पडतो. १८ मीटरला हवेवर ५६ मिनिटं मिळतात. ३२ टक्क्यांचा नायट्रॉक्स घेतला तर नायट्रोजनच्या हिशोबाने तुम्ही साधारण १४ मीटरवर आहात, आणि तिथे ९८ च्या आसपास मिळतात. कोकणापुढच्या समुद्रातल्या आंग्रिया बँकेसारख्या जागी, जिथे प्रवाळाचा माथाच विसेक मीटरवर आहे, तिथे पैसे देणं रास्त आहे. आठवडाभर रोज तीन-चार डाइव्ह करणार असाल तरीही घ्या, कारण नायट्रोजन अंगात साचत जातो. मात्र ऑक्सिजनच्या त्या १.४ मुळे मर्यादा खालूनही येते. ३२ टक्के घेऊन साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, ३६ टक्के घेऊन २८ च्या. नायट्रॉक्सने थकवा कमी येतो म्हणतात, त्यावर पैसे घालवू नका. १८ मीटरच्या दाबावर साध्या हवेची ३६ टक्क्यांशी तुलना करून पाहिली गेली आहे, थकव्यात फरक सापडला नाही.

मोटर तिसऱ्या दिवशी सकाळी निघाली. गाळात कोपरापर्यंत हात घालून चाचपत पाइपाचं टोक सापडलं, दोर बांधला, वरच्यांनी ओढली. तोवर शेजाऱ्याच्या दोन बांध्यांतल्या लोंब्या पोचट राहिल्या. भाऊ आजही लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणतो, "सहा वर्षं समुद्रात राह्यला न् भेव शिकून आला." धान गेलं याचं वाईट मलाही वाटतं. पण २.२ चा आकडा कोणाच्या धानासाठी बदलत नाही, आणि त्या दिवशी मी उतरलो असतो तर लग्नाऐवजी तेरवीची पंगत बसली असती. पेपरवाल्यांवरही माझा राग आहे. दर बातमीत 'ऑक्सिजन सिलिंडर लावून पाण्यात उतरले' असं छापतात. ती हवा असते, साधी, गाळलेली, कोरडी हवा. दरवेळी असं वाचल्यावर भाऊसारख्यांना काळी टाकी आणावीशी वाटली तर नवल काय.

तुमचे पैसे एकदोन जादा डाइव्हवर लावा. पाण्यात स्थिर तरंगता आलं की श्वास आपोआप कमी लागतो आणि टाकी खरंच जास्त पुरते. हवा भरायच्या कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड इंजिनच्या धुराजवळ तर नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हवेला तेलाचा वास आला तर टाकी परत करा.

पुढे कधी नायट्रॉक्स घेतलाच, तर आधी त्याचा कोर्स करा. टाकीतला ऑक्सिजन यंत्राने स्वतः मोजा, टक्के पट्टीवर स्वतःच्या हाताने लिहा, डाइव्ह कॉम्प्युटरवर तेच टक्के लावा. दुकानदार कितीही ओळखीचा असो, नातेवाईक असो, न मोजलेली टाकी पाठीवर घ्यायची नाही.

आणि परतीचं तिकीट जपून काढा, अंगात साचलेला नायट्रोजन उंचीवर त्रास देतो. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी निदान १८ तास जाऊ द्या. आपल्याकडचे बरेच जण गाडीने येतात आणि शेवटची डाइव्ह आटोपून तसेच आंबोली घाट चढतात. आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे, तीही उंचीच. रात्रभर मालवणला थांबा, सकाळी निघा.