विंडोजवर लिनक्सची साधनं: सुरुवात कुठून करायची

देवगडला बसून विंडोजवर लिनक्सची साधनं वापरायला शिकतोयस, छान वाटलं. लॅपटॉप फॉरमॅट करू नकोस, विंडोज राहू दे. विंडोजवर लिनक्ससारखी साधनं देणारी सिग्विन आणि एमसिस२, किंवा व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) अशी बरीच नावं कानावर येतील. ती सगळी एकदम टाकू नकोस. विंडोज १० किंवा ११ अद्ययावत असेल तर थेट डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी मायक्रोसॉफ्टची सोय) घे. रॅम ४ जीबीच असेल किंवा फक्त ग्रेप (मजकूर शोधणारं), सेड (मजकूर बदलणारं), बॅश (कमांड चालवणारं) एवढंच हवं असेल, तर एमसिस२ पुरे.

पॉवरशेल (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड, डब्ल्यूएसएल इन्स्टॉलची एका ओळीची कमांड (wsl --install) दे आणि मशीन रीस्टार्ट कर. उबंटू हे लिनक्स आपोआप येतं. डाउनलोड मोठं असतं, त्यामुळे मोबाइल डेटावर असशील तर रात्री लाव. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली असू दे.

नवीन माणूस हमखास अडतो तो इथे:

- उबंटूमध्ये पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करून एंटर दाब.
- प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नकोस, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेव. डब्ल्यूएसएल २ मध्ये (डब्ल्यूएसएलची सध्याची आवृत्ती) सी ड्राइव्हवरच्या फाइली फार हळू चालतात, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) तर रेंगाळतंच.
- नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट चालत नसेल तर ओळींचा शेवट बघ. विंडोज तिथे एक जास्तीचं अक्षर घालतं आणि बॅश अडखळतो. ते काढून टाकणारं डॉसटूयुनिक्स (dos2unix) हे साधन चालव.
- व्हर्च्युअलायझेशनची (व्हर्च्युअल मशीन चालवायची प्रोसेसरची सोय) एरर आली तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ते चालू कर.

डॉकर, कर्नल वगैरे पुढचे विषय आत्ता नको. आधी महिनाभर टर्मिनलमध्येच फाइली हलव, शोध, बदल. अडलास तर एररचा मजकूर जसाच्या तसा पाठव.