विश्वामित्रीच्या पुरावर उपरोधिक पत्र कसं लिहावं?

तुम्हाला बडोद्यातल्या तुमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेसाठी विश्वामित्री नदीच्या पुरावर उपरोधिक पत्र लिहायचंय. अचाट उपाय सुचतात, पण ते नुसतेच विनोदी वाटतात, टोचत नाहीत, अशी तुमची अडचण आहे.

उपाय आधी शोधू नका. शहराने मुकाट्याने मान्य केलेलं, पण कोणी बोलून न दाखवणारं एखादं गृहीत शोधा. पुराच्या बाबतीत ते समोरच आहे: काठावर भराव टाकून जे बांधलं ते कायम, सांभाळून घ्यायचं ते नदीने. आता हे गृहीत खरं धरा आणि सरळ पुढे चालत राहा. बांधकाम हक्काचं असेल तर अतिक्रमण कोणी केलं? नदीने. मग नोटीसही तिलाच. "विश्वामित्री नदीने पावागडाकडून येऊन शहराच्या मध्यभागी विनापरवाना वहिवाट केली असून, सात दिवसांत पात्र रिकामे करण्याची नोटीस तिला बजावण्यात यावी." गृहीतापासून इथपर्यंत एकही पायरी गाळलेली नाही, म्हणून हे झोंबतं. "शहरावर मोठी छत्री उघडा" या उपायाला पायऱ्याच नाहीत. लोक हसतात आणि पान उलटतात.

पत्र लिहिणारा माणूस तुम्ही नाही, हे पक्कं करा. तो सोसायटीचा सेक्रेटरी असू शकतो: सज्जन, अभ्यासू, शहराचं भलं चिंतणारा. आपण काही भलतंच सांगतोय याची त्याला कल्पनाही नाही. मराठीत अर्जाची भाषा आयती मिळते, ती पुरेपूर वापरा. 'मा. आयुक्त', 'विषय', 'संदर्भ', 'सविनय सादर', 'करण्यात यावे'. उद्गारचिन्ह एकही नको. लेखकाने डोळा मिचकावलेला एकदा जरी दिसला, तरी पुढची सगळी वाक्यं वाचक गंमत म्हणून वाचतो.

या प्रकाराचा सगळ्यात भक्कम नमुना म्हणजे आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टचा 'अ मॉडेस्ट प्रपोजल' हा निबंध, डब्लिन, १७२९. आयर्लंडच्या दारिद्र्यावर त्यातला उपाय असा, की गरिबांची वर्षाची झालेली मुलं श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत. तो वाचताना हिशोबाकडे बघा. गरिबाघरी वर्षाला १,२०,००० मुलं, त्यातली २०,००० पैदाशीसाठी राखून ठेवायची, उरलेली १ लाख विकायची. एका मुलाला वर्षभर पोसायला २ शिलिंग, विक्री १० शिलिंगला, आईला निव्वळ नफा ८ शिलिंग. आकडे असे थंडपणे मांडलेत म्हणूनच अंगावर येतात. तुमच्या पत्रातही अंमलबजावणी अशीच बारकाईने येऊ द्या: नदीने नोटीस घ्यायला नकार दिल्यास ती दोन पंचांसमक्ष काळा घोडा पुलाच्या खांबाला डकवावी, नदीतल्या मगरींनी रहिवासाचा पुरावा आणल्यास पर्यायी जागेचा विचार व्हावा. असे तीन तपशील पुरेत. कल्पित आकडे मात्र खऱ्यासारखे दिसू देऊ नका. खरा आकडा एकच घाला, तो म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांवर गेली होती हा.

खरी मेहनत शेवटाकडच्या परिच्छेदावर घ्या. स्विफ्ट तिथे परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, देशी माल वापरणं, असे खरेखुरे उपाय एका दमात मोजतो आणि हे मला कोणी सांगू नये म्हणून झटकून टाकतो. तुमचा सेक्रेटरीही तेच करेल: "पूररेषा जागेवर आखणे, भराव उपसणे, बुजवलेल्या कोतरांची (घळींची) तोंडे मोकळी करणे, पात्रालगत नवी परवानगी न देणे, असे अव्यवहार्य उपाय कृपया सुचवू नयेत. त्यात कोणाची तरी गैरसोय होते." तुमचं स्वतःचं म्हणणं अख्ख्या पत्रात इथेच येतं. हा परिच्छेद गाळलात तर उरते ती कुचेष्टा, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ती कुचेष्टाच वाटेल.

बिघडतं ते बहुधा नेम चुकल्यामुळे. काठच्या झोपड्यांवर विनोद घसरला की पत्र फुकट गेलं, कारण झोपडीवाल्याला नोटीस खरोखरच येते. त्यात अतिशयोक्ती कसली राहिली? मगरी मारण्याचा उपाय सुचवू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्या संरक्षित आहेत, आणि तसलं वाक्य खरं धरणारे निघतातच. अधिकाऱ्याचं नाव नको, पद चालेल.

शेवटी अर्जदाराचा निःस्वार्थीपणा नोंदवा. स्विफ्टचा निवेदक सांगतो की आपलं धाकटं मूल नऊ वर्षांचं आहे, बायकोला आता मूल होणार नाही, सबब यात आपला काही फायदा नाही. तुमचा लिहील: "अर्जदार चौथ्या मजल्यावर राहतो, सबब त्याचा यात वैयक्तिक लाभ नाही."

सगळं मिळून ५०० शब्दांत, स्मरणिकेच्या एका पानात बसवा. 'उपरोधिका' हा शब्द अनुक्रमणिकेत घालून भागणार नाही. तो मथळ्याला लागूनच छापा, कारण पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा अनुक्रमणिका सोबत जात नाही.