बारामती की गोंदिया? आधी मेडिकल झालं का?

"सर, पायलट व्हायचंय, कुठलं फ्लाइंग स्कूल घेऊ?" बारावी सायन्सची मुलं नि त्यांचे आईवडील हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकाचं सांगतो, तपशील अर्थात बदललेत.

साताऱ्याकडचा मुलगा, सोबत वडील. मोबाईलमध्ये एक्सेल शीट, बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, वर साउथ आफ्रिका, प्रत्येकाची फी, विमानं, अगदी मेसचे रिव्ह्यूसुद्धा. वडील वैतागलेले, "जमीन विकायला तयार आहे मी, पण हा ठरवेल तर ना!"

बरेच सेशन शीटवरच बोललो. माणूस ज्यावर सारखं बोलतो ते त्याचं खरं दुखणं क्वचितच असतं, म्हणून मी घाई करत नाही. मग एकदा पायलट व्हायला लागणाऱ्या पहिल्या वैद्यकीय तपासणीबद्दल सहज विचारलं, "क्लास टू मेडिकल झालं?"

"नाही. आधी स्कूल फायनल करू म्हटलं."

"त्याला स्कूल कशाला लागतं?"

तो चष्मा काढून शर्टाला पुसत बसला. मग म्हणाला, "नंबर आहे सर. अनफिट निघालो तर संपलंच सगळं."

तिथे मला दिसलं, शीट पूर्ण झाली असती तर डॉक्टरसमोर जावं लागलं असतं, म्हणून ती पूर्णच होत नव्हती. 'मी पायलट झालोच पाहिजे' यातला तो 'च' माणसाला जागचा हलू देत नाही, हे मी कित्येकांत पाहिलंय. म्हटलं, "संपलं म्हणजे नेमकं काय काय संपलं ते लिहून आण." पुढच्या वेळी कागदावर एकच ओळ, 'गावातले हसतील.' वाचून दाखवताना त्यालाच हसू आलं. त्यानंतर पंधरवड्यात मेडिकल करून आला, चष्म्यासकट फिट.

तर आईवडिलांनो, क्रम असा ठेवा. चष्म्याला घाबरू नका, चष्म्यासकट नजर निकषात बसली तर चालतं. क्लास टू झालं की क्लास वन, म्हणजे कमर्शियल पायलटला लागणारी पुढची तपासणी, तीही फी भरायच्या आधीच उरका, आणि नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचा अभ्यास घरी सुरू करा. परदेशातून शिकून आलात तरी लायसन्स इथे कन्व्हर्ट करायला डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, परीक्षा आहेतच, त्यामुळे तिकडे गेलं की सुटलो असं काही नसतं.

स्कूल बघायला कामाच्या दिवशी जा, ब्रोशरवर जाऊ नका. हँगरमधली विमानं मोजून उपयोग नाही, आज उडतायत किती ते बघा, इन्स्ट्रक्टर किती, आणि मागच्या बॅचला सीपीएलचे, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सचे, 200 तास भरायला किती महिने लागले हे तिथल्या मुलांनाच कॅन्टीनमध्ये विचारा, ऑफिसात नको. पावसाळ्यात ढग खाली उतरले की फ्लाइंग थांबतं, तेही धरून चाला. 2025 पासून डीजीसीए स्कूलना श्रेणी देतंय, तीही बघून ठेवा.

आणि जमीन एवढ्यात विकू नका. फी तासांच्या टप्प्याने भरता येते का विचारा, एकरकमीच हवी म्हणाले तर मी तरी दुसरं स्कूल बघेन.